श्रमदेवतेला नाव नसते

आमच्या महाविद्यालयाच्या मागील एका वार्षिकांकातून बावीस छायाचित्रे गळाली. गळाली म्हणण्यापेक्षा गाळली गेली असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. कारण ज्या संपादक समितीने ती गाळली, तिच्यात मीही होतो आणि बैठकीत गप्प बसलो होतो. प्रश्न केवळ एका वार्षिकांकाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या बैठकीत जो युक्तिवाद झाला, तो आपल्या क्षेत्रात सर्रास केला जातो, सुसंस्कृत माणसे तो करतात, आणि तो मुळातून चुकीचा आहे. म्हणून हे लिहिणे.

छायाचित्रे काढणारी विद्यार्थिनी बी. ए. द्वितीय वर्षाची, मराठीची, अर्धापूरची. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव केळीसाठी ओळखले जाते. केळी खाणाऱ्याला माहीत नसते ते असे की केळीचा घड बागेतून ट्रकपर्यंत आपोआप येत नाही. तो माणसाच्या खांद्यावरून किंवा डोक्यावरून येतो. घड कापून वाहून ट्रकमध्ये भरणाऱ्या अशा एका टोळीत या मुलीचा मामा काम करतो. ती एक पूर्ण दिवस टोळीबरोबर राहिली आणि साध्या मोबाइलवर तिने फोटो काढले. डोक्यावरची चुंबळ, चिकाने काळे पडलेले आणि कितीही धुतले तरी काळेच राहणारे सदरे, ट्रकच्या तळाशी केळीची पाने अंथरणारा पोरगा, दुपारी सावलीत उघडलेले डबे, आणि जेवता जेवता फोनवर घरच्या कुणाला तरी रागे भरणारा एक म्हातारा. फोटोंबरोबर तिने एक वही दिली होती. वहीत प्रत्येक फोटोच्या क्रमांकापुढे माणसाचे नाव, त्याचे गाव, किती वर्षे तो हे काम करतो, आणि त्या दिवशी त्याच्या हातात किती मजुरी पडली, एवढे लिहिलेले होते.

समितीला फोटो आवडले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आवडले म्हणूनच त्यांतले चार निवडून रंगीत पानांवर छापावेत असे ठरले. अडचण वहीची होती. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की एवढी नावे, मजुरीचे आकडे हे सगळे देण्याची काय गरज आहे? कलाकृती बोलली पाहिजे. नावांनी ती त्या चार माणसांपुरती उरते. त्यापेक्षा चारही फोटोंना मिळून ‘श्रमदेवता’ असा मथळा द्यावा. सर्वांनी माना डोलावल्या. मी मान डोलावली नाही, पण हलवलीही नाही.

निर्णय मुलीला कळवण्याचे काम माझ्याकडे आले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, नावं काढायची असली तर फोटो बी काढून टाका.” मग तसे झाले. अंकाच्या त्या पानांवर गोदावरीच्या घाटावरचा मावळता सूर्य छापून आला.

आता मुद्द्याकडे येतो. नाव हा छायाचित्राला चिकटवलेला तपशील आहे, तो असला काय नि नसला काय, कलाकृती तीच राहते, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. रोजच्या जगण्याचे जे छायाचित्र आपण वृत्तछायाचित्र म्हणून दाखवतो, त्यात नाव नसेल तर ते अपुरे आहे. आणि जाणूनबुजून नाव काढून टाकले असेल तर ते अप्रामाणिक आहे. कारण नावामुळे माणसाचा सन्मान होतो की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. नावामुळे त्या माणसाला उलट बोलता येते, हे महत्त्वाचे. ज्याचे नाव नाही त्याच्याविषयी वाटेल ते म्हणता येते, कारण ते खोडून काढायला कुणी येत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण घेऊ. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एका स्त्रीचे फोटो काढले. त्यांतला एक पुढे ‘स्थलांतरित आई’ या नावाने विसाव्या शतकातील सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक झाला. लँगबाई सरकारी कामावर होत्या आणि टिपण ठेवत होत्या. बाईचे वय बत्तीस, मुले सात, हे त्यांनी नोंदवले. नाव विचारले नाही. विचारले नव्हते हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पोटासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असेही त्यांनी नोंदवले होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ जगाने हे खरे मानले. १९७८ मध्ये त्या बाईंचा शोध लागला. त्यांचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. टायर विकल्याची गोष्ट त्यांच्या कुटुंबाने साफ नाकारली, आणि या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही थॉम्पसनबाईंची तक्रारही तेव्हाच जगाला कळली. म्हणजे नाव सापडले त्याच क्षणी छायाचित्राला पहिला प्रतिवाद मिळाला. तोपर्यंत त्या ‘आई’ होत्या. आई ही देवता आहे. देवता खुलासा करीत नाही.

हे अमेरिकेचे झाले. आपल्या घराकडे पाहू. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या छायाचित्रणाचा इतिहास राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यापासून सुरू होतो. सहाव्या निजामाचे हे दरबारी छायाचित्रकार. त्यांच्या संग्रहात राजवाडे आहेत, शिकारी आहेत, उमराव आणि व्हाइसरॉय आहेत. आणि १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातील मदतकामांवर उभी केलेली, हाडे मोजता यावीत अशी माणसेही आहेत. उमरावांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. दुष्काळी कामावरच्या माणसांपैकी एकाचेही नाव मला कुठे आढळले नाही. ती माणसे आपल्याच खापरपणज्यांच्या पिढीची होती, म्हणजे कुणाची तरी नावानिशी खापरपणजी होती. हा दोष एकट्या दीनदयाळांवर टाकणे अन्यायाचे होईल. त्या काळाची रीतच ती होती. पण रीत बदलली आहे का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. त्या उन्हाळ्यातील लातूरची छायाचित्रे आठवून पाहा. घागरींच्या रांगा आठवतील, टँकरभोवतीची झुंबड आठवेल, रेल्वेच्या टाक्या आठवतील. त्यांतले एक तरी नाव आठवते का? रेल्वेला मात्र ‘जलदूत’ असे नाव होते.

सुझन सोंटॅग यांनी २००३ मध्ये, इतरांच्या वेदनेकडे पाहण्याविषयीच्या आपल्या पुस्तकात, सेबास्तियाव साल्गादो यांच्या स्थलांतरितांच्या भव्य छायाचित्रांवर हाच आक्षेप घेतला होता. नाव फक्त प्रसिद्ध माणसांना द्यायचे आणि बाकीच्यांना त्यांच्या व्यवसायाचे वा दुर्दशेचे नमुने करून ठेवायचे, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. सोंटॅग यांचे नाव आपल्या चर्चासत्रांत वारंवार घेतले जाते. चर्चासत्र संपल्यावर वार्षिकांकाच्या बैठकीत मात्र आपण ‘श्रमदेवता’ लिहितो.

“नावांनी कलाकृती संकुचित होते” हा आक्षेप आता तपासू. तो घेणारे मराठीचे प्राध्यापक असावेत, याचे मला अधिक नवल वाटते. आपण वर्षानुवर्षे व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) शिकवतो. त्या पुस्तकातील व्यक्तिचित्रांचे मथळे काय आहेत? माणसांची नावे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली. त्या नावांमुळे ती माणसे माणदेशापुरती उरली, असे आजवर कुणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. उलट ती इतकी एकेकटी, इतकी नेमकी आहेत म्हणूनच नांदेडच्या वर्गात बसलेल्या मुलाला ती आपल्या गावची वाटतात. उद्या एखाद्या प्रकाशकाने ती सगळी नावे पुसून पुस्तकाला ‘दारिद्र्यदेवता’ असा मथळा द्यायचे ठरवले, तर आपण निषेधाची पत्रके काढू. लेखणीला आपण जो न्याय लावतो तो कॅमेऱ्याला लावत नाही, याचे कारण एवढेच की छायाचित्र वाचायला आपण शिकलेलो नाही. आपण ते फक्त ‘पाहतो’, आणि छान म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर देताना मला माझ्याच भूमिकेला मुरड घालावी लागते. नाव देणे नेहमीच माणसाच्या बाजूचे असते का? तसे नाही. गरिबाचे नाव नोंदवण्याची हौस सत्तेला पूर्वापार आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. त्यांच्या माणसांची नावे नोंदवहीत चढली आणि हजेरी सुरू झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या मनातून गेला नाही. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’मध्ये (१९८७) हे जे मांडले, ते वाचल्यावर ‘नाव नोंदवणे म्हणजे न्याय’ असे भाबडेपणाने म्हणता येणार नाही. अगदी अलीकडचे पाहायचे तर १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून नोंदवणे सक्तीचे झाले. तिथे फोटोही होता आणि नावही होते. पण तो मजुराचा फोटो नव्हता. मजूर कामावर आहे, याचा तो पुरावा होता. संशयाचा फोटो होता.

म्हणून नावाबरोबर दुसरी एक गोष्ट यावी लागते, ती म्हणजे त्या माणसाची संमती. ती खरी संमती हवी, कागदावरची सही नव्हे. फोटो कुठे छापला जाणार, कोण पाहणार, त्यातून मुकादम किंवा व्यापारी चिडण्याचा संभव आहे का, हे त्या माणसाशी बोलून ठरले पाहिजे. एखाद्याने “माझं नाव नको” म्हटले, तर ते गाळलेच पाहिजे. पण मग ते त्याने गाळले, संपादकाने नव्हे. हजेरीपट आणि छायाचित्राखालची ओळ यांत फरक एवढाच, आणि तो जमीन-अस्मानाचा आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीत दोन क्रमांकांपुढे नावाची जागा रिकामी होती. तिथे “नको म्हणाले” असे दोनच शब्द लिहिलेले होते. पत्रकारितेची पदविका घेतलेल्या कितीजणांना हे सुचले असते, मला ठाऊक नाही. तिला ते मामामुळे सुचले असणार. ज्यांच्यात उद्या पुन्हा जायचे आहे, त्यांच्याशी माणूस जपून वागतो.

विद्यार्थी छायापत्रकाराचे खरे बळ इथे आहे, असे मला वाटते. बाहेरून आलेल्या मोठ्या छायाचित्रकाराकडे चांगला कॅमेरा असतो, दृष्टी असते, पण संध्याकाळची गाडीही असते. विद्यार्थ्याला गाडी नसते. तो तिथेच राहतो. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे उदाहरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना आपण ओळखतो, ते दिल्लीतील सत्तांतराच्या आणि नेहरूंच्या छायाचित्रांमुळे. पण त्यांची सुरुवात विद्यार्थिनी म्हणून झाली. १९३० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे आणि शहरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले. रेहाना मोगल या मैत्रिणीचे नाव त्यामुळे आपल्यापर्यंत पोचले, आणि ते पोचले ते ओळखीमुळे, कॅमेऱ्यामुळे नव्हे. विरोधाभास असा की होमाईबाईंची सुरुवातीची छायाचित्रे स्वतः त्यांच्या नावाने छापली गेली नाहीत. ती त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. फोटोतल्या माणसाचे नाव पुसणारी व्यवस्था फोटो काढणारीचे नावही सहज पुसते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. नाव परत मिळायला इतका वेळ लागतो.

हे वेगळ्या रीतीने करता येते, याचे पुरावे आपल्याच भाषेच्या परिसरात आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम वर्षानुवर्षे टिपले. कणकवलीचे इंद्रजित खांबे आपल्याच जिल्ह्यातील दशावतारी कलावंतांचे आणि आसपासच्या जगण्याचे फोटो काढतात. त्यासाठी त्यांना कणकवली सोडावी लागली नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतील कष्टकरी स्त्रियांचे जे फोटो काढले, त्यांचे प्रदर्शन कलादालनांइतकेच कारखान्यांच्या दारांत, रेल्वे स्थानकांवर आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडले. डिसेंबर २०१४ पासून त्यांनी चालवलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात फोटोखाली माणसांची नावे असतात, आणि तो मजकूर मराठीतही वाचायला मिळतो. तेव्हा नाव दिल्याने छायाचित्र दुबळे होते, ही समजूत प्रत्यक्षात टिकत नाही.

आता शेवटचा आक्षेप. हे काम माध्यमशास्त्राच्या विभागांचे आहे, मराठी विभागाने त्यात का पडावे? नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तालुक्याच्या बहुतेक महाविद्यालयांत असा विभाग नसतो. तिथे मराठीचा असतो. आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटो काढणे मुले आपल्याकडून शिकणार नाहीत, ते त्यांना आपल्याहून चांगले येते. त्यांना येत नाही ती फोटोखालची ओळ. ती भाषेची गोष्ट आहे. कोण, कुठे, कधी, काय करताना, आणि ते त्या माणसाच्या शब्दांत कसे सांगायचे, हे शिकवणे मराठी विभागाचे काम नसेल तर कुणाचे? आपण मात्र मुलांना काय शिकवतो? छायाचित्र स्पर्धांचे विषय पाहा: ‘बळीराजा’, ‘मातीचे हात’, ‘अन्नपूर्णा’. मुले हुशार असतात. बक्षीस कशाला मिळते ते त्यांना पटकन कळते. मग ती सुरकुतलेली म्हातारी आणि भेगाळलेली जमीन शोधत गावभर फिरतात. आणि हळद शिजवणारा बाप, शिलाई मशीनवर बसलेली बहीण, झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा मित्र त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटतात. कारण त्यांना नावे आहेत, आणि नाव असलेल्या माणसाची देवता करता येत नाही.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. याच क्रियापदाने आपण नाव ‘काढतो’, म्हणजे कुळाला कीर्ती मिळवून देतो. आणि याच क्रियापदाने यादीतून नाव ‘काढतो’, म्हणजे वगळतो. त्या मुलीने एका वाक्यात हे सगळे अर्थ आमच्यापुढे ठेवले होते. समितीतील पाच मराठीच्या प्राध्यापकांपैकी एकालाही ते तेव्हा ऐकू आले नाही. मला आले, पण मी ते निर्णय कळवून परत येताना जिन्यात.

पुढे तिने काय केले ते सांगतो. अर्धापूरच्या एका फोटो स्टुडिओत तिने छापील प्रती काढल्या आणि टोळीतल्या ज्याचा त्याचा फोटो ज्याला त्याला नेऊन दिला; मागच्या बाजूला नाव आणि तारीख लिहून. फोनवर रागे भरणाऱ्या म्हाताऱ्याने म्हणे हरकत घेतली. वहीत त्याची कामाची वर्षे अठरा लिहिली होती. ती बावीस आहेत, असे त्याचे म्हणणे. तिने दुरुस्त केले. लँगबाईंच्या फोटोला जो प्रतिवाद चाळीस वर्षांनी मिळाला, तो इथे आठवडाभरात मिळाला. वृत्तछायाचित्रणाची याहून चांगली कसोटी मला सांगता येणार नाही.

यंदाच्या अंकाच्या समितीत मी पुन्हा आहे. पहिल्याच बैठकीत लेखी प्रस्ताव ठेवला आहे: माणसाचा फोटो छापायचा असेल तर त्याचे नाव छापावे, किंवा त्यानेच नको म्हटल्याची नोंद असावी, ते जमत नसेल तर रंगीत पाने कोरी सोडावीत. प्रस्तावावर अजून चर्चा व्हायची आहे. ती बाविसांची वही मी मागून घेतली आहे. या वेळी ती बैठकीत वाचून दाखवणार आहे, पहिल्या नावापासून.